बारी सांभाळणारे

तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकरांचा एक प्रसंग महाराष्ट्राला पाठ आहे. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर उभ्या राहिल्या, कळा आल्या तशा आत गेल्या, बाळंत झाल्या आणि पुन्हा प्रेक्षकांसमोर आल्या. सांगणारे त्यांच्या जिद्दीपाशी थांबतात. मला विचारावंसं वाटतं, तेवढा वेळ ढोलकी कुणी वाजती ठेवली? ते बाळ कुणी उराशी धरलं?

संगमनेरच्या कांताबाई सातारकरांच्या तमाशा फडासारख्या मोठ्या फडात शंभराच्या आसपास माणसं असतात. दसऱ्याला फड बाहेर पडतो आणि जत्रांचा हंगाम सरेपर्यंत गावोगाव फिरतो. खेळ आटोपला की सामान ट्रकमध्ये, दुसऱ्या दिवशी नवं गाव. अशात कुणी नाचणारीण तापानं फणफणली तर रजा कुणाकडे मागायची? मग तिची बारी, तिची लावणी, दुसरी करते. सोंगाड्या बतावणी लांबवतो. कनातीमागे एखादी म्हातारी कलावंत तिच्या लेकराला थोपटत बसते. समोर मांडी घालून बसलेल्या गावाला यातलं काही कळत नाही. कळू न देणं हाच तर या मदतीचा भाग. कलावंत ज्या सफाईनं एकमेकांचं दुखणं झाकतात, त्याच सफाईमुळे ते आपल्यापर्यंत कधी पोचत नाही.

ही माया फुकटची नाही, हेही सांगायला हवं. हंगामाआधी कलावंत फडमालकाकडून उचल घेतो आणि नाचून-गाऊन ती फेडतो. दवाखान्याला पैसे लागले तर मालकच देतो, पण तेही बहुधा उचलीतच चढतात. औषध आणि कर्ज एकाच हातून येतं. त्या हाताला दोष देववत नाही, कारण मालकही कुणाच्या तरी व्याजाखाली असतो.

२०२० साली टाळेबंदीचा पहिला दिवस नेमका गुढीपाडव्याचा होता, २५ मार्च. नारायणगावला फडमालकांच्या राहुट्यांवर गावपुढाऱ्यांनी जत्रेतल्या खेळांच्या सुपाऱ्या द्यायच्या ते दिवस. जत्राच बंद झाल्या. ज्याच्या आधारावर एकमेकांना धरून राहायचं, तो फडच आडवा झाला. बारी सांभाळायला माणसं होती, पण बारीच उरली नव्हती. पुढच्या वर्षी, २५ मे २०२१ रोजी, कांताबाई कोरोनानं संगमनेरात गेल्या. पती तुकाराम खेडकर १९६४ साली वारल्यावर लेकरांना घेऊन पुन्हा उभी राहिलेली, पुरुषांच्या भूमिकाही गाजवणारी ही बाई. विठाबाईंच्या नावाचा शासनाचा जीवनगौरव त्यांना मिळाला होता. खुद्द विठाबाईंचे अखेरचे दिवस मात्र हलाखीत गेले.

ज्येष्ठ कलावंतांचं सरकारी मानधन २०२४ पासून महिना ५,००० रुपये झालं, ते चांगलंच झालं. पण ते वय झाल्यावरचं. तिशीतल्या नाचणारणीचा पाय मोडला तर तिला आजही शेजारच्या राहुटीतल्या बाईवाचून कुणी नाही. आणि त्या बाईचं आपण कौतुक करतो तेव्हा आपल्या वाट्याचं ओझं तिच्याच पदरात टाकतो, असं मला वाटतं. जत्रेची वर्गणी घरटी गोळा होतेच. पारनेर, अकोले, पाथर्डीकडच्या यात्रा कमिट्यांनी सुपारी ठरवताना फडाच्या दवापाण्यासाठी थोडी वेगळी रक्कम बांधून द्यावी, आणि ती उचलीत धरायची नाही, हे मालकाशी तिथेच बोलून घ्यावं.