तेल आत राहतं ते कशामुळे

जुन्या अँबेसेडरखाली तेलाचा डाग दिसला की पहिला उपाय ठरलेला असतो: पॅकिंग बदला. आमचा भैंशाकडचा भाग सीमेवरचा. 1956 साली राज्यांची फेरआखणी झाली, तेव्हा मुधोळ, भैंसा, कुबीर ही मंडळं नांदेड जिल्ह्यातून निघून आदिलाबादकडे गेली. धर्माबाद नांदेडातच राहिलं. त्यामुळे आमच्याकडची गाडी निजामाबादला दाखवायची तशीच नांदेडलाही. भाषा बदलते, उत्तर बदलत नाही. पॅकिंग बदलतात, चार दिवस इंजिन कोरडं दिसतं, आणि पाचव्या दिवशी डाग पुन्हा हजर. मग बोल्ट आणखी आवळले जातात. त्यात मिस्त्रीचा हात वाईट असतो असं मला वाटत नाही. चुकतो तो प्रश्न. तेल कुठून बाहेर येतं हे सगळे विचारतात. ते आत कशामुळे राहतं हे आधी विचारलं पाहिजे.

उत्तर अँबेसेडरच्या इंजिनातच आहे. हे 1489 सीसीचं पेट्रोल इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ‘बी’ मालिकेतलं, तीन मेन बेअरिंगचं. त्याचा क्रँक मागच्या बाजूने बाहेर येऊन फ्लायव्हीलला मिळतो. एवढा जाड दांडा तेलाच्या घरातून बाहेर पडतो म्हटल्यावर तिथे भक्कम ऑइल सील असेल असं कुणालाही वाटेल. तिथे सील नाही. रबर नाही, दोरी नाही, नमदाही नाही. क्रँकवर उलटे आटे पाडलेले आहेत आणि त्यांच्याभोवती धातूचं कडं आहे. दोघं एकमेकांना टेकत नाहीत, मध्ये बारीकशी फट राहते. क्रँक फिरू लागला की आटे तेलाला परत आत ओढतात आणि ते बेअरिंगच्या टोपीतल्या भोकातून खालच्या तेलाच्या चेंबरमध्ये उतरतं. म्हणजे इंजिनात बाहेर जायची उघडी वाट आहे आणि तरीही तेल त्या वाटेने जात नाही.

असं होतं याचं कारण एकच, की त्याला मागून ढकलणारं कुणी नाही. आतला दाब बाहेरच्या हवेइतकाच असेल तोवर आट्यांची ती हलकी ओढ पुरेशी असते. दाब थोडा जरी वाढला तरी फट फटच राहते आणि तेल तिच्यातून सरळ बाहेर येतं. जे मागच्या टोकाचं, तेच टॅपेट कव्हरचं, बाजूच्या कव्हरचं, चेंबरच्या पॅकिंगचं. उडालेलं, ओघळलेलं तेल अडवायला कॉर्कची पट्टी पुरते. आतून दाबून येणारं तेल अडवणं तिच्या आवाक्याबाहेरचं आहे. उकळी आलेल्या पातेल्यावर झाकण कितीही दाबून धरलं तरी कडेने फेस येतोच.

हा दाब येतो पिस्टनवरून. जळालेल्या वायूचा थोडा अंश रिंगांच्या कडेने खाली निसटतो. नव्या इंजिनातही निसटतो, घासलेल्या इंजिनात जास्त. गॅरेजमध्ये त्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. तो वायू बाहेर सोडायला ब्रीदर ठेवलेला असतो. जुन्या रचनेत इंजिनाच्या बाजूच्या कव्हरवरून एक साधी नळी खाली रस्त्याकडे सोडलेली असे. गाडी पळू लागली की वाऱ्याच्या ओघाने नळीच्या तोंडाशी ओढ लागते आणि आतला वायू बाहेर येतो. भैंशाच्या बाजारातून गाडी रांगत चालली असेल तर ही ओढ जवळजवळ नसते. मोकळ्या सडकेवर न गळणारी गाडी गावात गळते त्यामागे बऱ्याचदा हे असतं. रस्त्यावर वायू सोडण्याची ही पद्धत पुढे मागे पडली. कॅलिफोर्नियात 1961पासून नव्या गाड्यांमध्ये हा वायू इंजिनातच परत घेऊन जाळण्याची सोय करावी लागली. तो नियम आला धुराच्या काळजीने, पण इंजिनांना कायम मंद ओढ मिळाल्याने गळतीलाही आळा बसला.

ब्रीदरची नळी काढून उजेडात धरून पाहावी. वर्षानुवर्षांच्या वाफेची आणि तेलाची काळी, डांबरासारखी कीट आतून चढलेली असते. कधीकधी करंगळी जाईल एवढीही वाट उरलेली नसते. तिच्यात रॉकेल भरून रात्रभर ठेवावं, सकाळी तारेने ओढून साफ करावी. टॅपेट कव्हरवरून एअर फिल्टरकडे जाणारी नळीही त्याच वेळी पाहावी. मग इंजिन गरम करून तेल भरायच्या तोंडाचं झाकण काढावं आणि नुसतंच उलटं ठेवावं. ते थोडं थरथरलं तर ठीक. उडून पडू लागलं, किंवा तोंडातून भकाभका धूर येऊ लागला, तर रिंगांचं काम निघालं आहे. हाफ इंजिन केल्याशिवाय कुठलंही पॅकिंग टिकणार नाही, हे मालकाला आधीच स्पष्ट सांगणं मिस्त्रीचं कर्तव्य आहे, मग गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं तरी चालेल.

दाब आटोक्यात आला की मग गळती शोधायची, आणि इथे डागावर विश्वास ठेवू नये. तेल खाली ओघळतं आणि पंख्याच्या वाऱ्याने मागे जातं. टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातलं तेल ब्लॉकच्या पाठीवरून उतरून बेल हाऊसिंगखाली टपकतं, आणि क्रँकची मागची बाजू गेली असं समजून लोक गिअरबॉक्स उतरवतात. आधी इंजिन धुऊन पूर्ण कोरडं करावं, संशयाच्या जागांवर टाल्कम पावडर भुरभुरावी, गाडी थोडी फिरवून आणावी. पावडरीवर काळी रेघ जिथून सुरू होते तिथे, सर्वांत वरच्या ठिकाणी, गळती असते. वरची एक गळती दुरुस्त करून पुन्हा धुवावं, मगच खालची धरावी. पाच-सहा पॅकिंग एका दिवसात बदलली की त्यातलं कुठलं कामाचं होतं ते कधीच कळत नाही.

टॅपेट कव्हरबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण सर्वांत जास्त नासधूस तिथेच होते. त्याचे दोन नट फक्त 4 फूट-पौंडांनी आवळायचे असतात. हेडच्या नटांना याच्या दहापट जोर लागतो. हाताला त्या जोराची सवय झालेली असते, म्हणून हे दोनही तसेच पिळले जातात. कॉर्क चिरडून कडेने बाहेर येतो, पत्रा नटापाशी खाली दबतो आणि कडा मधेच वर उचलते. असं कव्हर सपाट फरशीवर ठेवलं तर खालून उजेड दिसतो. लाकडाच्या ठोकळ्यावर घेऊन हलक्या हातोडीने कड सरळ करावी. नव्या कॉर्कला कपाटात पडून आकसायची खोड असते, तो कोमट पाण्यात ठेवला की पूर्ववत होतो. नटाखालचे रबर बुशही बदलावेत, ते दगडासारखे झालेले असतात. या इंजिनाला 20डब्ल्यू-50 तेल योग्य. पातळ सिंथेटिक तेल त्याच्या फटींसाठी नाही.

क्रँकच्या मागच्या बाजूचा निर्णय सगळ्यात शेवटी घ्यावा, कारण तिथपर्यंत पोहोचायला गिअरबॉक्स, क्लच, फ्लायव्हील सगळं उतरवावं लागतं. आटे फक्त क्रँक फिरत असतानाच काम करतात. इंजिन बंद झाल्यावर, विशेषतः गाडी मागच्या बाजूला उतरती उभी असली, तर थोडं तेल त्या फटीतून येणारच. रात्रीतून दोन-चार थेंब पडत असतील, क्लच घसरत नसेल आणि गेज काडीवरची पातळी महिनाभर जवळपास तीच राहत असेल, तर ती बाजू खोलू नये.