दुधावरची साय

दुधापेक्षा दुधावरची साय अधिक गोड, असे आपल्याकडे म्हणतात. आजीच्या मायेविषयी याहून अधिक काही बोलायला नको, असेच आपल्याला वाटते. पण साय धरायची तर दूध नीट तापवावे लागते आणि मग ते न ढवळता निवू द्यावे लागते. माया आपोआप उपजते. नातवंडाला आधार होणे मात्र आपोआप जमते का?

आमच्या नेरला दिवाळी सरली की कापसाच्या वेचणीला जोर चढतो. आईबाप सकाळीच शेताची वाट धरतात. घरी उरतात आजी आणि नातवंडे. शाळेत निरोप घेऊन येते ती आजी, आणि पालकसभेच्या कागदावर अंगठा उठवते तीही आजीच.

अशाच एका आजीचा नातू दोन दिवस शाळेत आला नव्हता. “त्याले ताप होता, बाई,” तिने सांगितले. मुलगा तिच्या पदराआड उभा होता. मी विश्वास ठेवला. दुसऱ्या दिवशी त्याच्या बोटाला धरून ती पुन्हा आली. “काल मी खोटं बोलली, बाई. हा पोट्टा बोरं वेचत हिंडत होता. तुमी रागवान म्हणून बोलली. पण यानं ते आयकलं ना!”

मुलाने मान खाली घातली. मी त्याला रागावले नाही. रागावण्यासारखे आता काही उरलेच नव्हते.

कोणी म्हणेल, घरात शिस्त लावणारे पुष्कळ असतात. पाठीशी घालणारे एक तरी माणूस मुलाला हवे. तेही खरेच आहे. पण शिक्षेपासून आडोसा देणे वेगळे आणि सत्यापासून आडोसा देणे वेगळे. पहिल्याने मूल निर्धास्त होते, दुसऱ्याने निर्ढावते. त्या आजीला हा भेद एका रात्रीत कळला, आणि नातवादेखत कमीपणा घेण्याचे धैर्य तिने दाखवले.

असा कमीपणा घेणाऱ्या आजींचे एक गावच आहे. ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यात फांगणे येथे ८ मार्च २०१६ रोजी योगेंद्र बांगर या शिक्षकांच्या पुढाकाराने आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठी ओलांडलेल्या बायका गुलाबी नऊवारी नेसून, दप्तर घेऊन अक्षरे गिरवायला बसल्या. घरी त्यांचा अभ्यास घ्यायला नातवंडे पुढे झाली. आजीचे अक्षर चुकले की नातीने ते पुसायचे आणि आजीने हसून पुन्हा काढायचे! “मला येत नाही, तू शिकव,” हे ज्या मुलाने आजीच्या तोंडून ऐकले, त्याला न येण्याची लाज कशी वाटेल?

आपण समजतो, आजीचे मोठेपण देण्यात आहे. मला वाटते, ते नातवंडासमोर लहान होण्यात आहे. चुकले तर चुकले म्हणावे, येत नसेल तर विचारावे. जिच्याजवळ स्वतःची चूक लपवावी लागत नाही, तिच्याजवळच मूल आपली चूक उघडी करते. आणि आधार म्हणतात तो याहून वेगळा काय असतो?

या दिवाळीत घरोघरी नातवंडे येतील. करंज्या, चकल्या त्यांच्या हातावर ठेवूच. कधी वेळ आली तर “माझं चुकलं रे बाळा” हेही म्हणू. तेवढ्याने आजीची माया उणी होणार नाही. साय दाटच धरेल.