हुकूम आणि जोखीम

धाडसाच्या कथा ऐकताना आपण सारे त्या धाडसी माणसाकडेच पाहत राहतो. त्याला त्या वाटेवर धाडले कोणी, हे सहसा विचारीत नाही. दुसऱ्याला जिवाच्या जोखमीवर पाठविण्याचा हक्क माणसाला कुठून मिळतो? पगार दिला म्हणजे मिळतो, की पाठविणाऱ्याची नियत साफ असली म्हणजे पुरते? नेकनूरसारख्या, नावातच नेकी आणि नूर बाळगणाऱ्या गावात राहून आम्हाला हा प्रश्न टाळता येत नाही. का, ते पुढे येईलच. आधी जुन्या काळच्या वैमानिकांकडे वळू. त्यांच्या आयुष्यात हा प्रश्न अगदी उघडा दिसतो.

अमेरिकेच्या उत्तर टोकाला अलास्का आहे. तिथे रस्ते नव्हते. हिवाळ्यात टपाल कुत्र्यांच्या घसरगाडीवरून जाई. कार्ल बेन आयल्सन हा तिथला शाळामास्तर. २१ फेब्रुवारी १९२४ रोजी त्याने फेअरबँक्सहून मॅकग्राथला टपाल नेले. घसरगाडीला जिथे आठवडे लागत, तिथे तो तीन तासांच्या आत पोहोचला. रेडिओ नाही, धड नकाशा नाही. खाली गोठलेली नदी दिसली तर वाट, नाही तर अल्ला मालिक.

पुढे तो एका विमान कंपनीचा प्रमुख झाला. १९२९ साली सैबेरियाच्या किनाऱ्यावर 'नानुक' नावाचे जहाज बर्फात अडकले. जहाजावर माणसे होती आणि लाखमोलाची लोकरी कातडीही होती. दोन्ही बाहेर काढण्याचे कंत्राट आयल्सनच्या कंपनीने घेतले. प्रमुखाने खुर्चीत बसून हुकूम सोडला असता तर कोणी बोट दाखविले नसते. पण तो स्वतः उडाला. पहिली फेरी पार पडली. दुसऱ्या फेरीत, ९ नोव्हेंबरला, वादळात विमान कोसळले. अवशेष सापडायला जानेवारी १९३० उजाडला.

आपल्याकडची उदाहरणेही याच जातीची आहेत. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन मुंबईच्या जुहूला उतरलेले विमान खुद्द जे. आर. डी. टाटांनी चालविले होते. एका इंजिनाचे ते पस मॉथ, सोबत सुमारे २५ किलो टपाल. जुहूचे मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जाई, म्हणून साऱ्या बिऱ्हाडासह पुण्याला येरवड्याच्या तुरुंगाजवळच्या माळावर जावे लागे. मालक पहिल्या दिवशी स्वतः बसला, ही गोष्ट आम्हाला त्यांच्या पुढच्या साऱ्या वैभवापेक्षा मोठी वाटते.

२४ मे १९४८ चे लेहचे उड्डाण तर याहून बोलके आहे. (त्या दिवशी आमचे नेकनूर अजून निजामाच्या राज्यात होते.) सोनम नोर्बू या लडाखी इंजिनिअरने अकरा हजार फुटांच्या आसपास घाईघाईने एक धावपट्टी तयार केली होती. तिथे त्याआधी विमान कधी उतरले नव्हते. एअर कमोडोर मेहर सिंग यांनी डाकोटा उतरविले, आणि शेजारी कोण होते? जनरल थिमय्या. लेहला फौज पाठवायची गरज ज्यांना होती, तेच पहिल्या विमानात होते.

तेव्हा, जो स्वतः जोखीम उचलतो त्यालाच दुसऱ्याला पाठविण्याचा हक्क, असे म्हणून मोकळे होता आले असते. पण आम्हाला अर्ल बोरलँड आठवतो. आयल्सनबरोबर मेलेला तो मेकॅनिक. सोबत मरणाऱ्या साहेबामुळे नोकराचे मरण न्याय्य होते काय? साहेबाचे धाडस ही साहेबाची मर्जी होती. नोकराची कोणती होती?

त्याच ९ नोव्हेंबरला फ्रँक डॉरबँट हा दुसरा वैमानिकही त्याच कामावर निघाला होता. हवा बिघडलेली पाहून तो परतला. इतिहासाने त्याचे गोडवे गायले नाहीत. पण परत फिरण्याची मुभा त्याला होती, आणि सगळा प्रश्न आम्हाला तिथेच येऊन थांबलेला दिसतो.

आता आमच्या गावाचे. दसरा-दिवाळीच्या सुमारास आमच्या बीड जिल्ह्यातून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते आणि ती लग्नात, दवाखान्यात, किराण्यात संपलेलीही असते. मग बिऱ्हाड, पोरे, शेळ्या, सारे एका ट्रॉलीत. रात्रीचा रस्ता, मागे दिवा नाही. कोणी म्हणेल, ते आपखुशीने जातात. अंगठा त्यांनीच उठविला ना! अंगठा त्यांचाच, खरे आहे. पण अर्ध्या वाटेत पोर तापाने फणफणले, किंवा चालकाला झोप अनावर झाली, तर टोळीने गाडी थांबवून माघारी फिरायचे म्हटले तर? उचल फिटलेली नसते. मुकादमाच्या डोक्यावर कारखान्याचा तगादा असतो. त्या ट्रॉलीत कारखान्याचा कोणी साहेब बसलेला आम्ही पाहिलेला नाही. पण उद्या बसला तरी एवढ्यावर आमचे समाधान व्हायचे नाही. डॉरबँटला जशी माघार घेता आली, तशी त्या कोयत्याला कर्जाच्या धाकाविना घेता येते का, एवढे आम्ही त्या साहेबाला विचारू.