चाळिशी आणि दुसरा स्पर्श

शास्त्रपाठ : मार्क ८ : २२-२५, उत्पत्ति, अध्याय २७



बेथसैदा गांवीं लोकांनीं एका आंधळ्यास प्रभूकडे आणिलें, ही गोष्ट आपणांस ठाऊक आहे. प्रभूनें त्याचा हात धरून त्याला गांवाबाहेर नेलें, त्याच्या डोळ्यांस स्पर्श केला, आणि मग जें विचारिलें तें दुसऱ्या कोणत्याही आंधळ्यास विचारिल्याचें शुभवर्तमानांत आढळत नाहीं. तुला कांहीं दिसतें काय, असा तो प्रश्न होता. त्या मनुष्यापुढें एक सोपी वाट होती. उपकाराच्या भरांत, सर्व स्पष्ट दिसतें, असें म्हणून तो मोकळा झाला असता. त्यानें तसें केलें नाहीं. माणसें दिसतात खरीं, पण चालत्या झाडांसारखीं, असें त्यानें सांगितलें. ह्या प्रामाणिक उत्तरानंतरच दुसरा स्पर्श झाला.

हाच प्रश्न नेत्रवैद्य आजही विचारीत असतो. डोळ्यांपुढें एकामागून एक भिंगें धरून तो म्हणतो, "आतां कसें दिसतें? हें बरें कीं पहिलें बरें?" आणि आमचीं वडील माणसें संकोचानें म्हणतात, "बरें आहे, साहेब." डॉक्टरांचा वेळ मोडूं नये, आपण अडाणी ठरूं नये, एवढीच इच्छा. पाटीवरचीं अक्षरें ओळखतां आलीं नाहींत तर शाळेंत नापास झाल्यासारखें वाटतें. मग घरीं आल्यावर तो चष्मा फडताळांत पडून राहतो, आणि दोष चष्मेवाल्यास लागतो. ती परीक्षा आपल्या विद्येची नव्हे. तेथें झाडें दिसत असतील तर झाडेंच सांगावीं.

आपल्या मराठी भाषेनें ह्या कामीं मोठा सरळपणा दाखविला आहे. वाचावयाच्या चष्म्यास तिनें "चाळिशी" असेंच नांव दिलें; वय लपवावयास जागाच ठेविली नाहीं. डोळ्याच्या आंत एक मऊ भिंग असतें. जवळचें पाहतांना तें फुगतें, दूरचें पाहतांना सपाट होतें. वर्षें सरतात तसतसें तें ताठर होत जातें, आणि चाळिशीच्या सुमारास वाचणारा पुस्तक दूर धरूं लागतो; पुढें हातच अपुरा पडतो. हा रोग नव्हे. चष्मा लाविल्यानें नंबर वाढतो ही समजूत खोटी आहे. चष्मा लावा अगर न लावा, भिंगाचें ताठरणें साठीच्या सुमारापर्यंत चालूच राहतें. म्हणून प्रथम अधिक १ चा नंबर पुरतो, आणि साठीस बहुधा अडीचच्या आसपास लागतो.

मोशे १२० वर्षांचा झाला तरी त्याची दृष्टि मंद झाली नव्हती, असें अनुवादांत सांगितलें आहे. तें मुद्दाम सांगावें लागलें, ह्यावरूनच इतरांचें काय होतें तें कळून येतें. इसहाक, याकोब, एली, अहीया, सर्वांचे डोळे वृद्धपणीं मंदावले, आणि त्यांच्या काळीं चष्मा नव्हता. तो इटलींत तेराव्या शतकाच्या शेवटीं निघाला. त्याविषयींची एक जुनी साक्ष उपदेशांतलीच आहे: १३०६ सालीं फ्लॉरेन्स शहरीं जोर्दानो नांवाच्या धर्मोपदेशकानें, ही कला निघून अजून वीस वर्षेंही झालीं नाहींत, असें आपल्या श्रोत्यांस सांगितलें. तेव्हां उपदेशांत चष्म्याचा विषय कशाला, असें कोणीं म्हणूं नये.

इसहाकाची गोष्ट मात्र विशेष ध्यानांत घ्यावी. त्याला दिसत नव्हतें, म्हणून तो चाचपून, वासानें व कानानें पारख करूं लागला. आवाज एकाचा आणि हात दुसऱ्याचे, असा संशय त्यास आलाही. पण खात्री करावयास डोळे नव्हते. एकदां दिलेला आशीर्वाद मग परत घेतां आला नाहीं. हें कोणीं परक्यानें केलें नाहीं, घरच्यांनींच केलें. आज गिरगांवांत, परळांत, लालबागेंत जुन्या चाळी पाडून उंच इमारती उभ्या राहत आहेत. तेथील वृद्ध रहिवाशांपुढें करारपत्रें येतात, आणि त्यांतलीं अक्षरें बारीक असतात. "आजी, येथें सही करा," म्हणून कोणी बोट ठेवितो, आणि आजी सही करिते. सून वाचून दाखवील, पुतण्या वाचून दाखवील, आणि बहुतेक जण खरेंच वाचतील. सर्वच घरें इसहाकाच्या घरासारखीं नसतात. परंतु ज्या खोलींत आपण आयुष्य काढिलें, तिच्या बदल्यांत किती जागा मिळणार, मधल्या काळाचें भाडें कोणीं द्यावयाचें, नांव कोणाचें लागणार, हें आपल्या डोळ्यांनीं वाचून पाहणें हा घरच्यांवर अविश्वास नव्हे. गांवाकडे सातबाराच्या उताऱ्याचेंही तसेंच आहे. वाचावयास शिकलेलें माणूस चष्म्यावांचून पुन्हा निरक्षर होतें.

ह्याच भागांत एके काळीं गिरण्यांचे भोंगे वाजत. तुटलेला धागा क्षणांत सांधणें हें तेथलें काम, आणि तें सर्व जवळच्या नजरेचें. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपानंतर बहुतेक गिरण्या एकामागून एक बंद पडल्या; पण नजरेवर पोट भरणारीं माणसें कांहीं संपलीं नाहींत. कोणी शिवतें, कोणी तांदूळ निवडून डबे करितें, कोणी घड्याळें दुरुस्त करितें. आसामांत चहाच्या मळ्यांवर ४० वर्षें व त्यावरील वयाच्या ७५१ कामकऱ्यांची एक चांचणी झाली; तिचा वृत्तांत २०१८ सालीं प्रसिद्ध झाला. ज्यांस जवळचा चष्मा दिला त्यांची पानतोडणी, न दिलेल्यांच्या मानानें, सुमारें २२ टक्के अधिक भरली.

आतां निवडीविषयीं. मुंबईंत पदपथावर तयार चष्मे विकावयास असतात. त्यांची मी निंदा करणार नाहीं. ज्याचे दोन्ही डोळे सारखे आहेत व ज्यास दुसरा कांहीं दोष नाहीं त्याचें काम त्यानें भागतें, आणि गरिबास तें मोठें साहाय्य आहे. परंतु त्याच्या दोन्ही भिंगांत एकच नंबर असतो, आणि फेरीवाला डोळ्याच्या आंत पाहत नाहीं. काचबिंदू बहुधा दुखत नाहीं. तो दृष्टि कडेकडेनें खात येतो, आणि गेलेली दृष्टि परत मिळत नाहीं. दुसरेंही एक फसवें लक्षण आहे. सत्तरीच्या आजोबांस अचानक चष्म्यावांचून वाचतां येऊं लागतें आणि घरांत आनंद होतो. तो पुष्कळदां वाढत्या मोतीबिंदूचा प्रताप असतो. मधुमेह असणाऱ्याची साखर वरखालीं होत असतां काढिलेला नंबर लवकरच खोटा ठरतो. आधीं साखर ताब्यांत आणावी.

तपासणाऱ्यास आपलें काम सांगावें. शिवणारी बाई कापड दीड वितीवर धरिते. उपदेशकाचें शास्त्र मेजावर, त्याहून पुष्कळ दूर असतें. दोघांस एक नंबर चालत नाहीं. दुहेरी भिंगाच्या खालच्या भागांतून जिन्याची पायरी अंधुक व सरकल्यासारखी दिसते. चाळीच्या लांकडी जिन्यावरून उतरतांना मान लववून वरच्या भागांतून पाहावें आणि कठडा धरावा; पडण्याचें भय असेल त्यानें बाहेर जातांना निव्वळ दूरचा चष्मा वापरावा हें उत्तम. बिनरेषेचीं, क्रमानें बदलणारीं भिंगें दिसावयास सुरेख, पण महाग आणि कडेला धूसर असतात. ज्यास परवडतात त्यानें खुशाल घ्यावींत. रेषा दिसली तर वय दिसेल म्हणून जो कर्ज काढून तीं घेतो, त्याचे पांढरे केंस मंडळीस दिसत नाहींत काय?

परळास १९२६ सालीं स्थापन झालेलें के. ई. एम. रुग्णालय आहे, त्याच भागांत बच्चूअली नेत्र रुग्णालय आहे, आणि भायखळ्यास जे. जे. रुग्णालय आहे. गांवाहून मुंबईस येणाऱ्या वडील माणसानें जुना चष्मा व चालू औषधांच्या चिठ्या बरोबर आणाव्या. तपासणीसाठीं डोळ्यांत थेंब घालितात. त्यानंतर कांहीं तास जवळचें अंधुक दिसतें आणि उजेड सहन होत नाहीं. अशा वेळीं एकट्यानें लोकलगाडींत चढूं नये. बेथसैदाच्या त्या मनुष्यास प्रभूनें हात धरूनच नेलें होतें. तेव्हां ज्या दिवशीं आजोबा डोळे दाखवावयास जातील, त्या दिवशीं घरांतील एका तरुणानें अर्ध्या दिवसाची रजा काढावी.