लांडगा, कुत्रा आणि समदृष्टी

सोलापूरच्या बाळे येथील खंडोबाच्या यात्रेत चंपाषष्ठीला ज्या देवावर भंडारा उधळला जातो, त्याच्या घोड्याच्या पायाशी कुत्रा असतो, आणि देव्हाऱ्यातल्या टाकांवर, म्हणजे देवाची प्रतिमा ठोकून उठवलेल्या धातूच्या लहान पत्र्यांवरही, तो दिसतो. खंडोबा हे मार्तंडभैरवाचे रूप आणि भैरवाचे वाहन कुत्रा, ही त्यामागची शास्त्रसंमत संगती होय. पण धनगराच्या लेखी वाघरीभोवती, म्हणजे मेंढरे कोंडण्याच्या जाळीभोवती, रात्रभर जागणारा प्राणी देवाजवळही असणे स्वाभाविकच आहे. तो ज्याच्यावर भुंकतो तो लांडगा मात्र कुत्र्याच्याच कुळातला आहे. किमान १५ हजार वर्षांपूर्वी, आज नामशेष झालेल्या एका लांडग्यांच्या समूहापासून कुत्रा वेगळा झाला. दोघांचीही गुणसूत्रे ७८ आहेत आणि त्यांच्या संकरातून होणारी संततीही प्रजननक्षम असते. मग एकाला देवाजवळ जागा आणि दुसऱ्याच्या मागे काठी, हा भेद कशावर उभा आहे?

तो रक्तावर नव्हे, नात्यावर उभा आहे, असे परंपरा पाहता म्हणावे लागते. महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात युधिष्ठिर कुत्र्यावाचून स्वर्ग नाकारतो, तो कुत्रा आपला भक्त आहे आणि भक्ताचा त्याग हे पाप आहे या कारणाने. पंढरपूरच्या नामदेवांची भाकरी पळवणारा कुत्रा असो, अक्कलकोटच्या दत्तपरंपरेत वेदांची रूपे मानले गेलेले चार कुत्रे असोत, यांतील प्रत्येक जण माणसाच्या किंवा देवाच्या जवळ आलेला आहे. लांडगा कोणाचाच भक्त नाही. म्हणून गीतेच्या पाचव्या अध्यायातील समदर्शनाची, म्हणजे ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि श्वपाक (चांडाळ) यांच्या ठायी एकच तत्त्व पाहण्याची, खरी कसोटी कुत्र्यापाशी नव्हे तर लांडग्यापाशी लागते, कारण तो बदल्यात काहीही देत नाही.

हा प्रश्न आता केवळ ग्रंथातला राहिलेला नाही. पुण्याजवळच्या माळरानावर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचे २०२३ मध्ये जनुकीय तपासणीतून सिद्ध झाले. भारतीय लांडग्याचा वंश जगातील लांडग्यांच्या अतिप्राचीन वंशांपैकी एक आहे, देशात त्याची संख्या तीन हजारांच्या आसपास मानली जाते, आणि सोलापूरजवळच्या नान्नज येथे १९७९ मध्ये माळढोकासाठी राखलेल्या अभयारण्यातही त्याचा वावर आहे. त्याचा वंश निर्भेळ राहावा असे अभ्यासक म्हणतात, तेव्हा भाविकाच्या मनात शंका येऊ शकते की वंशशुद्धीचा हा आग्रह जातिशुद्धीचेच दुसरे रूप तर नव्हे. ज्या समाजाने शुद्धीच्या नावाखाली माणसांना गावकुसाबाहेर ठेवले, त्या समाजात ही शंका हलकी मानता येत नाही. तरीही दोन्ही गोष्टी एक नाहीत. जातिभेद एकाच मनुष्यजातीत उच्चनीच ठरवतो. लांडगा राखण्यात कुत्र्याला कमी लेखलेले नसते. अद्वैतातही आत्मदृष्टीने ऐक्य मानले तरी व्यवहारातील रूपभेद मिटत नाही, आणि लांडगा लांडगा म्हणून उरलाच नाही तर समदृष्टीने पाहायचे तरी कोणाला? शिवाय हा संकर दोन प्राण्यांची मोकळी भेट नव्हे: माळ नांगरले गेले, शेडमधील मेलेल्या कोंबड्या उघड्यावर टाकल्या गेल्या, त्यांवर भटके कुत्रे वाढले, आणि जोडीदार न मिळालेला लांडगा त्यांच्यात मिसळला.

अशा संकरातून जन्मलेल्या पिल्लाचा यात काहीच दोष नाही. प्रायश्चित्त माणसाकडे येते, आणि त्याचे स्वरूप रोकडे आहे: कचरा बंदिस्त ठेवणे, गावातील कुत्र्यांचे निर्बीजीकरण आणि लसीकरण करणे. त्याबरोबर धनगराचीही बाजू आहे. लांडग्याने मारलेल्या मेंढीची भरपाई शासन देते, परंतु पंचनाम्यासाठी थांबणे रोज तळ बदलणाऱ्या कुटुंबाला कठीण जाते, आणि तोवर शहरात बसून लांडग्याविषयी बाळगलेल्या समदृष्टीचा खर्च त्याच्या कळपातूनच वसूल होत राहतो.