वादळानंतरची करवत

श्रीवर्धन, 12 एप्रिल

चि. सईस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. दोर-पट्टा बांधून झाडावर चढायचं, फांद्या छाटायच्या आणि त्यावरच पोट भरायचं, असं तू ठरवलंयस. तुझ्या आईला हे पसंत नाही. तिचा फोन तुझ्या पत्राआधीच आला. मला मात्र मनापासून आनंद झाला. झाड तोडणारे गावोगाव मिळतात, झाडावर उपचार करणारा माणूस शोधून सापडत नाही. ते मला फार महाग पडलं आहे.

3 जून 2020 ची ती दुपार. निसर्ग चक्रीवादळ आपल्या रायगडच्या किनाऱ्याला लागलं तेव्हा वारा ताशी शंभर किलोमीटरच्या वर होता. आम्ही सगळे माजघरात दारं लावून बसलो होतो. पोफळ मोडते तेव्हा वाळकी काटकी मोडावी तसा एकच कोरडा आवाज येतो. त्या दिवशी ते आवाज मोजायचे मी सोडून दिले. नारळ वेगळा जातो. तो आधी बराच वेळ झुलतो, मग ओल्या वाळूतून मुळांचा गड्डा उचकटून आडवा होतो. संध्याकाळी बाहेर आलो तर वाडीत उभं राहून आकाश दिसत होतं. जन्म गेला त्या वाडीत, पण तिथून इतकं आकाश मी कधी पाहिलं नव्हतं.

त्यानंतर जे झालं त्याला मी जबाबदार आहे. वाट मोकळी करायची, घरावरची झाडं काढायची, वीज नाही, पाऊस तोंडावर. कटर मशीन घेऊन माणसं आली तेव्हा मी त्यांना सरसकट सगळं साफ करायला सांगितलं. झावळ्या गेलेले पाच नारळ उभे होते, तेही पाडले. नारळाला वाढीचा कोंब एकच, शेंड्यात. तो मेला तर खालून दुसरा फुटवा येत नाही, पण तो शाबूत असेल तर बोडकं झाडसुद्धा महिन्याला साधारण एक झावळी काढत पुन्हा उभं राहतं. वर चढून मधली कोवळी सुरळी हलकेच ओढून पाहायची. हातात आली तर आत कुजलंय, घट्ट असेल तर झाड जिवंत आहे. हे मला ठाऊक होतं. त्या गडबडीत वर चढून पाहायला कुणी नव्हतं आणि थांबायचा धीर माझ्याजवळ नव्हता. नवं रोप लावून नारळ हातात यायला सहा-सात वर्षं जातात.

लंडनच्या क्यू बागेतल्या टर्नर ओकची हकीकत मी नंतर वाचली. 15-16 ऑक्टोबर 1987 च्या रात्री दक्षिण इंग्लंडमध्ये वादळाने सुमारे दीड कोटी झाडं पाडली. पानं अजून झडली नव्हती आणि जमीन पावसाने पाणथळ झाली होती. क्यूमधली सातशेच्या आसपास झाडं गेली. हा जुना ओक वाऱ्याने मुळांसकट उचलला आणि परत त्याच जागी बसवला. तो मेला असं धरून त्याला टेकू दिला, तोडणी शेवटी ठेवली. तीन वर्षांनी पाहतात तर झाड आधीपेक्षा तजेलदार! बघ्यांच्या पायांनी दडपलेली माती त्या हिसक्याने सैल झाली होती, मुळांना हवा मिळाली होती. तेव्हापासून क्यूची माणसं झाडांभोवतीची माती मुद्दाम मोकळी करू लागली. केंट परगण्यात टॉईज हिलच्या रानात तर काही भाग साफच केला नाही, आणि तिथं नवं रान आपसूक उठलं.

वाडीत तसं सगळं सोडून चालत नाही. पडलेल्या नारळाची खोडं कुजली की त्यात गेंड्या भुंगा अंडी घालतो आणि वाचलेल्या झाडांचे शेंडे पोखरतो. ती खोडं हलवायलाच हवीत. पण उभं काय ठेवायचं, याचा विचार मात्र हवा. वरची सावली गेल्यावर आमच्या उरलेल्या पोफळींची खोडं पश्चिमेच्या उन्हाने भाजून तडकली. वादळातून वाचलेली झाडं अशी पुढच्या दोन उन्हाळ्यांत गेली.

आता तुझ्या कामाचं. आडव्या झाडावर करवत ठेवण्याआधी त्याच्याभोवती एक फेरी मार. कुठली बाजू ताणात आहे, कुठली दाबाखाली, ते बघ. बुंधा कापताच उपटलेला गड्डा झटक्यात परत खड्ड्यात बसतो, म्हणून त्याच्या मागे कुणालाही उभं राहू देऊ नकोस. विजेची तार गुंतली असेल तर वीजपुरवठा बंद केल्याची खात्री होईपर्यंत हात लावायचा नाही. जाड फांदी आधी खालून थोडी काप, मग जरा पुढे वरून, म्हणजे साल खोडापर्यंत सोलवटत येत नाही. उरलेला खुंट फांदीच्या मुळाशी जो फुगीर कंगोरा असतो, त्याच्या बाहेरून काप. कंगोरा राखलास तर झाड स्वतः ती जखम बंद करतं. अमेरिकेतल्या अॅलेक्स शिगो यांनी हजारो झाडं उभी चिरून पाहिली आणि हेच सांगितलं, की झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही, झाड ती आत कोंडून टाकतं. त्यावर डांबर फासायची आपली जुनी सवय सोड.

पुण्यात तुझं निम्मं काम वादळाच्या आधीचं असेल. तारेच्या बाजूने एकतर्फी छाटलेली, बुंध्याशी काँक्रीट ओतलेली झाडं पहिल्या वळवात पडतात आणि लोक वाऱ्याला दोष देतात. वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी घेऊन वेळेत तोल साधून छाटलं तर त्यातली बरीच वाचतील.

विहिरीजवळच्या फणसाची एक फांदी गोठ्यावर कलली आहे, जोडाशी चीर दिसते. गेल्या आठवड्यात एकजण मशीन घेऊन आला होता, त्याला मी परत पाठवला. पाऊस यायला दोन महिने आहेत. मे संपायच्या आत दोर घेऊन ये. ती फांदी तूच काप, मी खाली उभा राहून पाहीन.

तुझा,
आजोबा