मांडवातले सात दिवस



शाळांना दिवाळीची सुट्टी लागत आहे. शेतात भातकापणी चालू आहे, दुपारचे ऊन चांगलेच भाजते आहे आणि रोझरीचा महिना संपत आला आहे. या दिवसांत तरुण आईवडील धर्मग्रामाच्या कार्यालयात येतात आणि विचारतात, "फादर, सुट्टीत लहान मुलांसाठी काही शिबिर आहे का?" पाचवीपासून पुढच्या मुलांसाठी शिबिर आहे. चार, पाच, सहा वर्षांच्या मुलांसाठी मात्र आम्ही काही ठेवलेले नाही, आणि ते मुद्दामच. काही पालकांना हे रुचलेले नाही. "घरी बसून मूल मोबाईल बघत राहते, शिबिरात निदान चार गोष्टी शिकते," असे एका आईने आम्हांला स्पष्ट सांगितले. तिचे म्हणणे खोटे नाही. म्हणूनच तिला नीट उत्तर देणे आमचे कर्तव्य आहे.

आपल्या वसईतल्या सहा वर्षांच्या मुलाचा दिवस कसा जातो ते पाहा. पप्पा अंधार असतानाच घर सोडतात. चर्चगेटला पोहोचायला गाडीतच तास-सव्वा तास जातो, स्टेशनपर्यंतची बस वा रिक्षा वेगळी. आई नर्स असेल तर तिच्या पाळ्या बदलत्या, आज सकाळची तर उद्या रात्रीची. मुलाला उठवते, न्हाऊ घालते, डबा भरून देते ती आजी. मग शाळा, शाळेनंतर शिकवणी (होय, पहिलीतल्या मुलाला शिकवणी!), मग टीव्ही. पप्पा परत येतात तेव्हा मूल गाढ झोपलेले असते. आठवड्यातले पाच-सहा दिवस बाप आपल्या लेकराचा चेहरा पाहतो तो मिटलेल्या डोळ्यांचा. उरला रविवार. त्यात मिस्सा, धर्मशिक्षणाचा वर्ग, बाजार, साठलेले कपडे आणि कुणाचे तरी लग्न. धर्मशिक्षणाच्या एका शिक्षिकेने छोट्यांना विचारले, "घरी तुम्हांला सगळ्यांत जास्त वेळा काय ऐकायला मिळते?" सारा वर्ग एका सुरात म्हणाला, "आटप लवकर!"

आम्ही कुणाला दोष देत नाही. घराचे हप्ते एका पगारात फिटत नाहीत हे आम्हांला ठाऊक आहे. नोकरी करणाऱ्या आईला बोल लावणारी प्रवचने काही ठिकाणी होतात; ती आम्हांला पटत नाहीत. त्यांत बापाचे नावसुद्धा नसते!

पवित्र शास्त्रात ऐन शरद ऋतूतला एक सण आहे. खळ्यावरचे धान्य आणि द्राक्षांचा रस घरात आला, की इस्राएल लोकांनी सात दिवस मांडवांचा सण पाळायचा (लेवीय २३, अनुवाद १६). आपले पक्के घर सोडायचे, फांद्यांचा मांडव घालायचा आणि त्यात राहायचे. कशासाठी? देवाने आपल्या पूर्वजांना मिसर देशातून सोडवून आणले तेव्हा त्यांना असेच मांडवांत राहावे लागले, हे पुढच्या पिढ्यांना कळावे म्हणून. मुलांना इतिहास शिकवायची ही रीत पाहा. पुस्तक नाही, घोकंपट्टी नाही. बापाने फांद्या तोडायच्या, मुलाने त्या ओढत आणायच्या. सातव्या महिन्याच्या पंधराव्या दिवशी हा सण सुरू होई, म्हणजे पौर्णिमेच्या सुमारास. पानांच्या फटींतून चांदणे अंगावर पडले की मूल आपणहून विचारणार, "पप्पा, आज आपण इथे का झोपलो?" मग बापाने सांगायचे. आपला प्रभू येशू मोठेपणी याच सणाला यरुशलेमात गेला, असे संत योहान आपल्या शुभवर्तमानाच्या ७ व्या अध्यायात सांगतो. लहानपणी नाझरेथमध्ये योसेफाच्या हाताखाली त्यानेही फांद्या ओढल्या असतील, असे मानायला आम्हांला आवडते.

मांडव म्हणजे काय हे वसईकराला समजावून सांगायला नको. घरात लग्न निघाले आणि अंगणात मांडव पडला, की लहान मुले तिथून हलत नाहीत. खाणे तिथे, भांडण तिथे, दुपारची झोप तिथेच सतरंजीवर. त्यांना नवरानवरीशी काही देणेघेणे नसते. सगळी मोठी माणसे एकदम घरात आहेत आणि आज कुणालाही गाडी पकडायची नाही, एवढ्यानेच ती हरखून जातात. लहान मुलाला सुट्टी म्हणून हवे असते ते हेच. शिबिर कितीही चांगले असले तरी ते हे देऊ शकत नाही. उलट मुलाला पुन्हा कुणीतरी वेळेवर उठवते, वेळेवर पोहोचवते आणि "आटप लवकर" म्हणते.

"पण फादर, नुसते घरी बसून काय शिकणार?" सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हांला एका गोष्टीची मोठी गंमत वाटली होती. इंग्रजीतला 'स्कूल' हा शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला, त्या 'स्कोले'चा मूळ अर्थ आहे निवांतपणा, मोकळा वेळ! ॲरिस्टॉटलच्या मते माणूस कामात गुंततो तो शेवटी असा निवांत वेळ मिळावा म्हणून. आपण मात्र सुट्टी घेतो ती पुन्हा जोमाने कामाला लागता यावे म्हणून. योसेफ पीपर या कॅथलिक तत्त्ववेत्त्याने १९४८ साली यावर एक छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. जर्मनी तेव्हा युद्धाने उद्ध्वस्त झाली होती आणि आता फक्त काम, काम आणि काम, असे जो तो म्हणत होता. अशा वेळी त्याने लिहिले की निवांतपणाचे मूळ उपासनेत आहे. आळशी माणसाला हा निवांतपणा साधत नाही, असेही तो बजावतो. तेव्हा कोचावर आडवे होऊन दिवसभर क्रिकेट पाहणाऱ्या पप्पांनी पीपरचा आधार घेऊ नये.

पोप फ्रान्सिस (२०२५ साली ते देवाघरी गेले) अनेकदा सांगत, की तरुण आईवडील पापनिवेदनाला आले की ते त्यांना विचारत, "तुम्ही आपल्या मुलांबरोबर खेळता का?" पापनिवेदनात हा प्रश्न ऐकून पुष्कळ जण गोंधळून जात. येत्या शनिवारी आम्हीही तो विचारणार आहोत. आधीच सांगून ठेवतो.

खेळायचे म्हणजे काय करायचे, हे आम्ही सांगायला नको, मूलच सांगेल. मात्र एक सुचवतो. ज्यांची शेती नाही त्यांनी मुलाला एकदा कापणीच्या शेतात न्या. बांधावरून चालताना त्याचा एक पाय घसरेल, बगळे मागे मागे येतील, पेंढा अंगाला खाजेल. शेजारच्या आळीत मुले दिवाळीचा किल्ला करत असतील तर आपल्यालाही त्यांच्याबरोबर चिखल कालवू द्या. आणि मातीचा किल्ला झाला की आपला खरा किल्ला आहेच. बसने तिथे जायला फार वेळ लागत नाही. तिथली छप्पर नसलेली चर्चेस पाहून मूल विचारेल, "देवळाचे छप्पर कुणी नेले?" टाळू नका, खरे ते सांगा. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या फौजेने हा किल्ला पोर्तुगीजांकडून जिंकला. आज आपण आणि तो किल्ला करणारे शेजारी एकाच विहिरीचे पाणी पितो. संत गोन्सालो गार्सिया याच वसईत जन्मला हेही तिथेच सांगा. महाबळेश्वरला जाऊ नका असे आमचे म्हणणे नाही. पण कर्ज काढून गेलात तरी पाच वर्षांच्या मुलाला तिथला घोडा आणि घाटात झालेली उलटी, एवढेच आठवणार!

हे सगळ्यांना जमणार नाही. फुले पिकवणाऱ्या आपल्या कुटुंबांना दिवाळीत श्वास घ्यायला फुरसत नसते. पहाटेच्या गाडीने टोपल्या दादरला पोहोचायलाच हव्यात. कुणाचे पप्पा बोटीवर आहेत, कुणाचे आखातात. कुणाचे आता नाहीतच. अनुवादाचा १६ वा अध्याय काढून पाहा. मांडवांच्या सणात कोणी कोणी आनंद करायचा याची तिथे यादी आहे. तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझे दासदासी, आणि पुढे परका, अनाथ, विधवा. म्हणजे मांडव फक्त आपल्या चौघांपुरता घालायचा नाही. ज्या घरी रजा मिळालेली आहे त्या घराने शेजारच्या फुलवाल्याच्या मुलीलाही हाताला धरून न्यायचे. आळीच्या टोकाला भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या बिगारी कामगाराचे पोर रोज दारातून बघत उभे असते. त्यालाही न्यायचे.

त्या मोबाईलची तक्रार करणाऱ्या आईला आम्ही विचारले, "आठ दिवसांच्या रजेतली किती रजा तुम्हां दोघांना एकत्र मिळेल?" नवराबायकोने हिशेब केला. तिची पाळी आणि त्याची रजा जुळून दोनच दिवस निघाले. दोन तर दोन. त्या दोन दिवसांत दोघांचेही फोन आजीच्या कपाटात राहतील, असे त्यांनी आपसांत ठरवले आहे. आजीने चावी स्वतःजवळ ठेवायचे कबूल केले आहे.

आता एक सूचना. २ नोव्हेंबरला सर्व मृत भाविकांच्या स्मरणार्थ संध्याकाळी ५ वाजता दफनभूमीत मिस्सा होईल व नंतर कबरींना आशीर्वाद दिला जाईल. मुले घाबरतील, धावतील, मधेच पाणी मागतील म्हणून त्यांना घरी ठेवू नका. थोडे आधी या. कबरीवरचे गवत मुलाबरोबर काढा, फुले त्याला वाहू द्या, आणि आत कोण निजले आहे, ते शेतावर कोणते गाणे म्हणत, कुणावर रागावत, हे त्याला सांगा. मेणबत्ती त्याच्याच हातात द्या. वाऱ्याने विझलीच तर पुन्हा पेटवायला काडीपेट्या वेदीजवळच्या टेबलावर ठेवलेल्या असतील.